मोडलेले पाते आणि कट्यार : ‘सोल एज’चे पुनर्वाचन

व्हिडिओ गेमचा विषय मराठीत निघतो तो बहुधा दोन निमित्तांनी : मुलांच्या डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी, नाही तर नव्या यंत्राची किंमत. कादंबरीला, नाटकाला, सिनेमाला आपण जे प्रश्न विचारतो ते या माध्यमाला विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. हा माणूस कोण, त्याच्या हातात ही वस्तू का आली, हरणे आणि जिंकणे यांचा इथे कोणता अर्थ लावला आहे? असे प्रश्न मी या लेखात एका जुन्या जपानी खेळाला विचारणार आहे.

खेळाचे नाव ‘सोल एज’. नामको या कंपनीने तो आधी नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर आणला. ‘एज’ या शब्दाच्या व्यापारचिन्हाचा वाद असल्यामुळे घरगुती यंत्रावरचा हा खेळ जपानबाहेर ‘सोल ब्लेड’ या नावाने विकला गेला. दोन योद्धे, दोघांच्या हातात हत्यारे आणि भोवती मोजका आखाडा, असे त्याचे स्वरूप.

माझा मूळ अभ्यास जुन्या हत्यारांचा. तोही विद्यापीठात केलेला नाही. पोखर्णीसारख्या गावात राहून, मिळतील ती पुस्तके वाचून आणि संग्रहालयांच्या काचांसमोर उभे राहून केलेल्या नोंदी एवढेच माझे भांडवल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परभणीत ताशी दराने गेम खेळू देणारी दुकाने निघाली, तिथे हा खेळ मी प्रथम पाहिला. गेल्या दोन वर्षांत पुतण्याच्या यंत्रावर तो सगळ्या योद्ध्यांनिशी नीट खेळून काढला. तेव्हा न दिसलेली एक गोष्ट आता दिसली, आणि ती हत्यारांच्या अभ्यासामुळे दिसली.

माझे म्हणणे थोडक्यात असे : हत्यार ही झिजणारी, मोडणारी, कुणीतरी घडवलेली वस्तू आहे, हे ‘सोल एज’ला कळले होते. मात्र मोडलेल्या हत्याराचे पुढे काय होते, हे त्याला ठाऊक नव्हते. ते दख्खनच्या लोहाराला ठाऊक होते. आणि त्याचा पुरावा, या खेळाच्या कर्त्यांच्या नकळत, याच खेळातल्या एका पात्राच्या हातात आहे.

हत्याराची दुसरी पट्टी

लढतीच्या गेममध्ये पडद्याच्या वरच्या बाजूला प्रत्येक खेळाडूची एक आडवी पट्टी असते. मार बसला की ती कमी होते, संपली की माणूस पडतो. दुकानातली मुले तिला ‘पॉवर’ म्हणत. हत्यारांचे खेळ ‘सोल एज’च्या आधीही होते. १९९३ चा ‘सामुराई शोडाऊन’ हा त्यांतला गाजलेला. त्यात झटापटीत तलवार हातातून उडे आणि ती पुन्हा उचलून घेता येई. प्लेस्टेशनवर १९९५ च्या आरंभी आलेल्या ‘बॅटल अरीना तोशिंदेन’ने हत्यारांची लढत त्रिमितीत आणली.

‘सोल एज’ने यात एक छोटीशी भर घातली. पॉवरच्या जोडीला त्याने हत्याराची दुसरी पट्टी दिली. समोरच्याचा वार आपण हत्यारावर झेलला की शरीराला इजा होत नाही, पण ही दुसरी पट्टी घटते. झेलत राहिलो तर ती संपते आणि हत्यार हातातून जाते. मग उरलेली फेरी रिकाम्या हातांनी लढायची. खास मोठा हल्ला करायचा, तरी त्याची किंमत याच पट्टीतून वजा होते.

ही भर छोटी दिसते, पण तिने लढतीचा हिशेब बदलतो. इतर खेळांत बचाव जवळजवळ फुकट असतो. कोपऱ्यात बसून वार अडवत राहणारा, समोरचा चुकेपर्यंत वाट पाहणारा खेळाडू दुकानात हमखास असे. तासाचे पैसे भरलेले असल्यामुळे त्याला फेरी लांबवायचीच असे. ‘सोल एज’मध्ये त्याची ही युक्ती फार वेळ चालत नसे. तो अडवत असताना मागे उभी असलेली पोरे त्याच्या पॉवरकडे पाहत नसत, खालच्या पट्टीकडे पाहत. “किती उरलंय?” असे विचारत, आणि ती संपली की “गेलं हत्यार!” असा एकच ओरडा होई. झेलण्याऐवजी नेमक्या क्षणी वार परतवून लावण्याची सोय खेळात होती, पण तिला हाताचा अंदाज पक्का लागे. थोडक्यात, बचावालाही खर्च असतो, ढालीमागे कायमचे राहता येत नाही, हे या खेळाने नियमातून सांगितले. त्यासाठी त्याला संवादाचे एकही वाक्य लागले नाही.

प्लेस्टेशनवरच्या आवृत्तीत हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. तिच्यातल्या एका भागात नकाशावरून प्रवास करत, लढती जिंकत प्रत्येक योद्ध्याला आठ हत्यारे मिळवता येतात. प्रत्येक हत्याराचे पाच गुण मांडलेले आहेत : माऱ्याचा जोर, बचाव, समोरच्याच्या हत्याराला इजा करण्याची ताकद, टिकाऊपणा आणि वजन. जोर असेल तिथे टिकाऊपणा कमी, टिकाऊपणा असेल तिथे वजन जास्त. शस्त्रांच्या जुन्या वर्णनांत मूठ, म्यान आणि मीनाकाम यांवर पानेच्या पाने असतात. हे पाते किती वार झेलेल याची वाच्यता क्वचित. या खेळाने तो प्रश्न मध्यभागी आणला. आज त्याची चित्रे ओबडधोबड वाटतात, चेहरे ठोकळ्यांचे आणि पाती कापलेल्या पत्र्यासारखी दिसतात. तरीही लोखंडावर लोखंड आदळल्याचा परिणाम त्यात जाणवतो, तो या हिशेबामुळे.

रिकाम्या हाताची गोष्ट

हत्यार गेल्यावर काय होते, इथे मात्र खेळ उथळ होतो. सशस्त्र असताना प्रत्येक योद्ध्याची चाल वेगळी, पवित्रा वेगळा, वेग वेगळा. हत्यार गेले की सगळ्यांना एकच ठरावीक गुद्दे आणि लाथा. जपानी मित्सुरुगी, ग्रीक सोफितिया, चिनी ली लाँग, कुऱ्हाडवाला रॉक, सगळे एका साच्याचे होतात. कर्त्यांना कदाचित एवढेच सुचवायचे असेल की निःशस्त्र माणूस दुबळा असतो. पण नियमाने सुचवले ते भलतेच : या माणसांचे सारे व्यक्तित्व हातातल्या वस्तूत होते, ती गेली आणि माणूसच पुसला गेला.

पोखर्णीच्या माणसाला हे खटकण्याला कारण आहे. आमच्या गावची ओळख नृसिंहाच्या देवस्थानाने आहे. हिरण्यकशिपूच्या वराची कथा मराठी घरात सर्वांना पाठ असते : दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, आणि कोणत्याही शस्त्राने नाही. कथेची सगळी कळ त्या शेवटच्या अटीत आहे. देवाला शस्त्र बाजूला ठेवावे लागते आणि तो स्वतःच्या नखांवर येतो. इथे निःशस्त्र होणे म्हणजे कमी होणे नव्हे. हत्यार नसलेला हातच इथे सर्वांत वेगळा, दुसऱ्या कुणाचाच नसलेला हात आहे.

मर्दानी खेळाच्या आखाड्यातही हाच क्रम दिसतो. मुलाच्या हाती पट्टा येतो तो आधी पाय, कंबर आणि मनगट तयार झाल्यावर. पट्टा खाली ठेवला तरी त्याचा पवित्रा पट्टेकऱ्याचाच राहतो. ‘सोल एज’ला हत्यार कळले, पण हत्याराने माणसाच्या शरीरात घडवलेला बदल कळला नाही.

व्होल्डोच्या हातात काय आहे?

खेळाचा काळ सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध. सोल एज नावाच्या एका दंतकथेतल्या तलवारीच्या शोधात देशोदेशींचे योद्धे निघतात. ती तलवार तारणारी आहे असा त्यांचा समज; प्रत्यक्षात ती माणसांचे आत्मे गिळणारी आहे आणि सेर्व्हान्तेस नावाच्या स्पॅनिश चाच्याच्या ताब्यात आहे. योद्ध्यांना हत्यारे वाटताना बऱ्याच ठिकाणी देश पाहिलेला आहे. जपान्याला कताना, जर्मन झीगफ्रीडला दोन्ही हातांनी पेलायची अवजड तलवार, ग्रीक स्त्रीला आखूड तलवार आणि ढाल. शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेसारखी ही वाटणी आहे.

या वाटणीत भारत नाही. मूळ खेळात एकही भारतीय योद्धा नाही. पण एक भारतीय हत्यार आहे, आणि ते व्होल्डो नावाच्या इटालियन माणसाच्या दोन्ही हातांत आहे. ते हत्यार म्हणजे कट्यार.

कट्यार हा शब्द आपण आज कुठल्याही खंजिराला लावतो. खरी कट्यार वेगळी असते. तिला दोन समांतर दांड्या असतात, त्यांच्या मधल्या आडव्या मुठीवर हाताची मूठ आवळायची. पाते मनगटाच्या सरळ रेषेत पुढे येते. त्यामुळे कट्यारीने मुख्यतः कापायचे नसते, भोसकायचे असते. गुद्दा मारावा तसा हात पुढे जातो आणि अंगाचा सगळा भार टोकावर येतो. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’त ‘जमधर’ या नावाचे हत्यार येते, ते याच घराण्यातले. म्हणजे खेळ ज्या दशकांत घडतो त्याच दशकांतली ही वस्तू आहे.

हे पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया रागाची होऊ शकते. आमचे हत्यार घेतले आणि आमचा माणूस वगळला, असे म्हणता येईल. त्यात तथ्य आहेच. व्होल्डो रंगवला आहे तोही विचित्र, अर्धवट माणूस म्हणून : अंध, वाकडातिकडा चालणारा, व्हर्ची नावाच्या मेलेल्या शस्त्रव्यापाऱ्याच्या ठेव्यावर पहारा देणारा. पूर्वेकडचे अनोळखी हत्यार आणि मनाचा तोल गेलेला माणूस यांची जोडी लावण्याची खोड जुनी आहे. तरीही माझा अभ्यास मला रागापाशी थांबू देत नाही, कारण हत्यारांचा खरा इतिहास या वाटणीपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे.

मराठ्यांच्या तलवारींतला एक प्रसिद्ध प्रकार म्हणजे फिरंग. नावातच तिचे मूळ आहे. मूठ इथली आणि लांब, सरळ पाते युरोपातले. ही पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून येत आणि त्यांना इतकी मागणी होती की इथले कारागीर परदेशी ठशांची नक्कल करून आपल्या पात्यांवर उमटवत. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. तिचे पाते युरोपीय आहे आणि त्यावर रघूजींचे नाव देवनागरीत सोन्याने कोरलेले आहे. २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून घोषित झालेल्या दांडपट्ट्याचे जे जुने नमुने आज उरले आहेत, त्यांतल्या पुष्कळांची पातीही युरोपीयच आहेत. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. हत्यार कुठून आले यापेक्षा ते कुठल्या हाताला बसवले गेले, हे महत्त्वाचे.

आता कट्यारीकडे वळू. दख्खन आणि दक्षिणेतल्या सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अनेक कट्यारींची पातीही युरोपीय तलवारींची आहेत. लांब तलवार मोडली की तिचा तुकडा टाकून दिला जात नसे. तो दोन दांड्यांच्या बेचक्यात बसवून, खिळे मारून त्याची कट्यार होई. तंजावरच्या शस्त्रागारात, जिथे नायकांनंतर व्यंकोजींच्या वंशातले मराठे राजे आले, अशा कट्यारींचा मोठा साठा होता. एकोणिसाव्या शतकात त्यांतल्या बऱ्याच मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेल्या आणि काही पुढे परदेशांत पोहोचल्या. या कट्यारींच्या पात्यांवर लांब खोबणी दिसतात आणि त्या मुठीपाशी मध्येच तुटतात. त्या खोबणी लांब तलवारीसाठी पाडलेल्या होत्या. तलवार मोडली, खोबण राहिली.

म्हणजे कट्यार हे काही वेळा मोडलेल्या तलवारीचे दुसरे आयुष्य असते. व्होल्डोच्या हातातल्या कट्यारीकडे हे लक्षात ठेवून पाहिले की चित्र उलटते. युरोपातले पाते दख्खनेत येऊन कट्यार झाले असेल, तर ती कट्यार एखाद्या इटालियन शस्त्रव्यापाऱ्याच्या ठेव्यात परत गेली, यात अशक्य काही नाही. देशाप्रमाणे हत्यारे वाटणाऱ्या या खेळात ही एक विसंगत वाटणीच इतिहासाला सर्वांत जवळची आहे.

याच खेळात मित्सुरुगीला चिंता आहे ती बंदुकीची. तिच्यापुढे टिकेल असे हत्यार त्याला हवे आहे. जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदूक १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर पोहोचली. तेच पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते. आणि १५४९ मध्ये अहमदनगरला मलिक-ए-मैदान ही अवाढव्य तोफ ओतली गेली, ती एका तुर्की ओतकऱ्याच्या हातून. अहमदनगरच्या त्या निजामशाहीचे मूळ घराणे, फेरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, आमच्या जिल्ह्यातल्या पाथरीचे. सोळाव्या शतकाचा हा व्यवहार पाहिला तर ‘एक देश, एक हत्यार’ ही वाटणी फार दुबळी वाटू लागते.

आयुस्

१९९८ मध्ये या खेळाचा पुढचा भाग ‘सोलकॅलिबर’ आला आणि १९९९ मध्ये तो सेगाच्या ड्रीमकास्टवर गेला. चित्रे देखणी झाली, योद्ध्यांना आठही दिशांना मोकळे फिरता येऊ लागले, समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. ते योग्यच होते. पण त्यातून हत्याराची पट्टी काढून टाकली गेली. आता कितीही वार झेला, हत्यार जात नाही.

आणि याच भागात व्होल्डोच्या जोडकट्यारींना नावे मिळाली : मानस आणि आयुस. मनस् आणि आयुस्, दोन्ही संस्कृत शब्द. ज्या खेळातून हत्याराचे आयुष्य मोजणे बंद झाले, त्यातच एका कट्यारीचे नाव ‘आयुष्य’ असावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. नाव राहिले, हिशेब गेला.

पट्टी का काढली असेल, याचा अंदाज खेळताना येतो. हत्यार गेल्यावर आपला आवडता योद्धा आपला राहत नाही, आणि खेळाडूला ते आवडत नाही. ही अडचण खरी आहे. पण त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या असे त्यांनी धरले : हत्यार पूर्ण असेल किंवा अजिबात नसेल. तिसरी वाट दख्खनच्या लोहाराची होती. पाते मोडले की अर्धे उरते. मूठ बदलते, पकड बदलते, कापणारा हात भोसकणारा होतो, दुरून लढणाऱ्याला जवळ यावे लागते. माणूस पुसला जात नाही, त्याला नव्याने लढायला शिकावे लागते. एखाद्या खेळात हा नियम असता तर त्याने ‘सोल एज’ला पूर्ण केले असते.

ही वाट समजायला संग्रहालयातही जावे लागत नाही. मराठवाड्यात घिसाडी पाल टाकतात तेव्हा गावातले लोक मोडके लोखंड घेऊन जातात. ट्रकच्या कमानीच्या तुटलेल्या पाट्याचा कोयता होतो, झिजल्या फाळाचे खुरपे होते. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या हातातला कोयता अनेकदा असा दुसऱ्या जन्मातला असतो. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, त्यात हा कोयताही असतो.

आपल्या कलाकृतींनीही या लोखंडाकडे फारसे पाहिलेले नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात कट्यार म्हणजे दरबाराने दिलेला एक खून माफ असण्याचा अधिकार आहे. तिची धार राजाच्या शब्दात आहे. नाटकासाठी ते पुरेसे आणि प्रभावी आहे, पण तिथे ती वस्तू म्हणून उरत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. एका मुलीची गोष्ट, मन लावून केलेले काम. तिच्या हाती देवांकडून मिळालेली शस्त्रे आहेत. दैवी शस्त्र मोडत नाही, म्हणून त्याला लोहारही लागत नाही.

माझ्या दृष्टीने या पुनर्वाचनाचे मोल इथे आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा चर्चा एकाच प्रश्नाची झाली : ती कोणाची? तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पण आपल्या संग्रहालयांतल्या पाट्याही बहुतेक तिथेच थांबतात. पाते कुठले, मूठ कुठली, आधी ते कशाचे होते, किती वेळा दुरुस्त झाले, हे चार शब्द पाटीवर लिहिले तर घडवणारा माणूसही काचेच्या आत येईल. व्हर्चीच्या ठेव्यावर पहारा देणाऱ्या अंध व्होल्डोला हातातल्या कट्यारीवरची खोबण दिसत नाही. आपल्याला दिसते, तर ती वाचायला हवी.

परभणीच्या त्या दुकानात ताशी दराने खेळणाऱ्या पोरांना इतिहासाशी देणेघेणे नव्हते. पण हत्याराकडे पाहून ती विचारत होती, किती उरलंय? मोठमोठ्या शस्त्रवर्णनांना न सुचलेला हा प्रश्न एका स्वस्त करमणुकीने त्यांच्या तोंडी घातला. खेळाकडे तेवढेच उत्तर होते, की आता काही उरले नाही. पुढचे उत्तर आपल्या लोहारशाळेत आहे, आणि ते लिहून ठेवण्याचे काम अजून बाकी आहे.